पहाटेचे ४ वाजून १७ मिनिटं

माझी पाणबुडी १९६ मीटर खोलीवर फुटली. आत चव्वेचाळीस जण होते, आणि त्यांतला एकही वर आला नाही. खेळातलं घड्याळ तेव्हा १९४१ सालच्या ११ एप्रिलची पहाट दाखवत होतं. आयर्लंडच्या पश्चिमेला, जर्मन आरमाराच्या नकाशावर ‘एएम’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या एका चौकोनात हे घडलं. खेळ होता ‘सायलेंट हंटर ३’. यूबीसॉफ्टच्या बुखारेस्टमधल्या स्टुडिओने तो बनवला आणि २००५ साली तो बाजारात आला. इतकी वर्षं उलटली तरी पाणबुडीच्या खेळांत नव्याने येणाऱ्याला मी आधी त्याच्याकडेच पाठवतो.

माझा भाचा गेल्या महिन्यात असाच आला. “मामा, पहिल्या गस्तीवर निघालोय. काय लक्षात ठेवू?” मी त्याला सूचनांची यादी दिली नाही. प्रत्येक गस्तीची मी एक वही ठेवतो, त्यातली त्या रात्रीची पानं काढून दिली. ती वाचताना त्याला जे जाणवावं असं मला वाटत होतं, ते इथे सगळ्या नवख्यांसाठी मांडतो. पाणबुडी बुडते शेवटच्या मिनिटाला, पण ती बुडणार हे त्याच्या कितीतरी तास आधी ठरलेलं असतं. त्या वेळी वर ऊन असतं, समुद्र शांत असतो, आणि कप्तानाला वाटत असतं की अजून काहीच घडलेलं नाही.

सकाळी ६.१५ (२२ तास आधी)

सां नाझेरहून निघून नववा दिवस. नेमून दिलेल्या चौकोनात पोचलो. इथे २४ तास गस्त घातली की हुकूम पूर्ण होतो. बॅटरी पूर्ण भरलेली, दाबाखालची हवा पूर्ण, १४ च्या १४ टॉर्पेडो जागेवर.

बोट ‘टाइप ७ सी’ जातीची, लांबी ६७ मीटर. तिची प्रकृती आधी समजून घ्यायला हवी, कारण ‘पाणबुडी’ या शब्दाने नवख्याची फसगत होते. आपल्या तळ्यांत टिबुकली नावाचा एक छोटा पक्षी असतो, त्यालाही काही ठिकाणी पाणबुडीच म्हणतात. तो पाण्यावर जगतो आणि गरजेपुरती बुडी मारून श्वासासाठी परत वर येतो. ‘टाइप ७’ अगदी तशीच आहे. पृष्ठभागावर डिझेलवर ती १७ नॉटपर्यंत धावते आणि १० नॉटच्या सावकाश चालीने साडेआठ हजार सागरी मैल जाते. पाण्याखाली डिझेलला हवा नसते, म्हणून बॅटरी. बॅटरीवर ४ नॉटने सुमारे ८० सागरी मैल, म्हणजे वीस तास. तीच बॅटरी साडेसात नॉटने पळवली, तर तास-दीड तासात तळ दिसतो. हे दोन आकडे ज्याला पाठ झाले, तो निम्मा कप्तान झाला.

चौकोनात पोचल्यावर मी काय केलं? १६ नॉटने नागमोडी फिरायला लागलो. जास्त पाणी कापलं की जास्त जहाजं दिसतील, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब चुकीचा होता. पुलावरच्या, म्हणजे बोटीच्या माथ्यावरच्या टेहळणीच्या जागेतल्या, पहारेकऱ्याची नजर क्षितिजापर्यंत जाते, आणि धुकं किंवा पाऊस असेल तर तेवढीही नाही. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनचा कान मात्र त्याच्या कितीतरी पलीकडचं ऐकतो. फक्त तो कान उघडायचा तर बुडी मारावी लागते आणि स्वतःचा आवाज बंद करावा लागतो, कारण वर धावताना ऐकू येतं ते आपलंच डिझेल. दर दोन तासांनी २०-२५ मीटरवर जायचं, इंजिनं थांबवायची, आणि हायड्रोफोनचं चाक स्वतः हळूहळू पूर्ण गोल फिरवायचं. स्वतः म्हणतो त्याला कारण आहे. या खेळात नाविक सांगतो त्याहून दूरचं खेळणाऱ्याला ऐकू येतं. पाण्याच्या एकसुरी सळसळीत कुठेतरी एक ठोका लागतो. मालवाहू जहाजाच्या पंख्याचा ठोका संथ आणि जड असतो, युद्धनौकेचा जलद आणि टोकदार. पहिल्यांदा तो ठोका ओळखता आला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्या सकाळी मात्र मी एकदाही बुडी मारली नाही. हायड्रोफोनवरचा नाविक दिवसभर रिकामा बसून राहिला.

सकाळी १०.०५ (१८ तास आधी)

विमान.

घड्याळ मी १०२४ पटीने पळवत होतो. खेळात ही सोय आहे, कारण नऊ दिवसांचा प्रवास खऱ्या वेगाने कोणी करणार नाही. पण इतक्या वेगात पहारेकऱ्याची हाक आपल्याला पोचते तोवर विमान डोक्यावर आलेलं असतं. ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं उत्तर आयर्लंडमधून आणि आइसलँडमधून या पाण्यावर फिरत. अशा टापूत शिरलं की वेळेचा वेग उतरवायचा. विमान दिसलं की बोटीवरची तोफ विसरायची आणि लगेच बुडी मारायची. सरावलेल्या खलाशांची ‘टाइप ७’ अर्ध्या मिनिटात पाण्याखाली जात असे.

दोन बॉम्ब जवळ पडले, नुकसान नाही. अर्ध्या तासाने वर आलो. टाक्यांतलं पाणी हुसकायला दाबाखालची हवा वापरली, आणि दुपारी दुसऱ्या विमानामुळे हेच पुन्हा झालं. हवेचा काटा थोडा थोडा खाली सरकला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाणबुडीत तीन साठे असतात, तेल, वीज आणि हवा. नवखा माणूस टॉर्पेडो मोजतो आणि हे तीन मोजायचे राहून जातात.

दुपारी ३.१० (१३ तास आधी)

मुख्यालयाचा बिनतारी संदेश आला. मोठा काफिला, चाल मध्यम, दिशा पूर्व-ईशान्य. नकाशावर खूण उमटली, माझ्यापासून सुमारे ९५ किलोमीटर.

इथे जरा थांबतो. नवख्याची गस्त सर्वांत जास्त वेळा इथेच बिघडते, आणि बिघडतेय हे त्याला कळतही नाही.

मी बोटीचं तोंड त्या खुणेकडे वळवलं आणि पूर्ण वेगाने निघालो. तासाभराने नवी खूण आली, तोंड तिकडे वळवलं. पुन्हा खूण, पुन्हा वळण. जे समोरून सरकतंय त्याच्याकडे सतत तोंड करून धावलं, की आपली वाट वाकत वाकत शेवटी त्याच्या पाठीमागेच जाते. वेग कितीही असो. गावाकडे एसटी सुटली तर तिच्या धुरळ्यामागे कोणी धावत नाही. आडवाटेने पुढचा फाटा गाठून तिथे उभं राहतात. काफिल्याचंही तसंच. तो आत्ता कुठे आहे याला फारसा अर्थ नाही, चार तासांनी कुठे असेल ते काढायचं आणि तिथे आधी जाऊन बसायचं.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात, त्याची दिशा आणि त्याचा वेग. दोन खुणा पट्टीने जोडल्या की दिशा मिळते. वेगासाठी जुन्या खेळाडूंचा एक नियम आहे आणि तो मला फार आवडतो. जहाज ३ मिनिटं १५ सेकंदांत जितके शंभर मीटर सरकतं, तितके नॉट त्याचा वेग. ८०० मीटर सरकलं तर ८ नॉट. यात जादू नाही. एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर, आणि १९५ सेकंदांत त्याचे जवळजवळ बरोबर १०० मीटर होतात. स्टॉपवॉच आणि पट्टी हातात असली की पुरे. भाच्याला हे दाखवलं तेव्हा त्याने लगेच कागदावर गुणाकार करून पाहिला, आणि मला बरं वाटलं.

मुख्यालयाच्या दोन संदेशांतल्या वेळेवरून आणि अंतरावरून माझ्या काफिल्याचा वेग ८ नॉट निघत होता. आकडेमोड दहा मिनिटांची होती. मी ती दुसऱ्या दिवशी केली, बोट गेल्यावर.

संध्याकाळी ६.२० (१० तास आधी)

क्षितिजावर धूर. मग डोलकाठ्या, एकामागे एक. आणि दिसल्या त्या सगळ्या पाठमोऱ्या.

अजून उजेड होता. अशा वेळी करायचं ते एकच. क्षितिजाच्या काठावर, त्यांच्या फक्त डोलकाठ्या दिसतील इतकं लांब राहायचं, आणि पृष्ठभागावरूनच मोठा वळसा घालून पुढे जायचं. आपण १७, ते ८. तासाला ९ सागरी मैलांची कमाई, म्हणजे तीन-चार तासांत आपण त्यांच्या वाटेवर. तोवर अंधार पडलेला असतो, बॅटरी भरलेली असते, आणि बोटीचं नाळेकडचं अरुंद तोंड त्यांच्याकडे असतं. काम कंटाळवाणं आहे. यश मिळवणाऱ्या कप्तानांनी आयुष्यातला मोठा भाग हे कंटाळवाणं काम करण्यात घालवला.

काफिल्याच्या मागच्या टोकाची एक रक्षक नौका माझ्या दिशेने वळल्यासारखी वाटली. मी घाबरून बुडी मारली. ते चाललं असतं. पण खाली गेल्यावर शिकार हातची जातेय या भीतीने बॅटरीवर पूर्ण वेग दिला. ७ नॉटने मी ८ नॉटच्या जहाजांचा पाठलाग करत होतो. ते दर तासाला एक मैल पुढे जात होते आणि मी त्यासाठी माझी सगळी वीज खर्च करत होतो.

बुडी मारताना काटा ९४ टक्क्यांवर होता, वर आलो तेव्हा ३४ वर.

या सबंध घटनाक्रमात एकच पान ठेवायचं झालं, तर मी हे ठेवीन. पहाटे जे झालं ते इथेच ठरलं. त्या क्षणी मला धोका जाणवत नव्हता. जाणवत होतं ते एवढंच, की उशीर होतोय.

रात्री ९ (७ तास आधी)

वर आलो. अंधार होता, पण पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र लख्ख होता. डिझेल सुरू केलं, आणि आता कुठे तो वळसा घ्यायला लागलो.

बॅटरी भरायला कित्येक तास लागतात. माझ्याकडे होते तीन. ज्याच्याकडे अर्धीच वीज आहे त्याने त्या रात्री हल्ला करू नये, काफिल्याची जागा मुख्यालयाला कळवावी आणि नजर ठेवून सोबत चालावं. खऱ्या पाणबुड्याही हेच करत. एक जण मागोवा घेई, बाकीचे जमत. संधी दुसऱ्या रात्रीही मिळते, काफिला एका रात्रीत लिव्हरपूलला पोचत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. चंद्र कुठे आहे हे मी पाहिलं नाही. हल्ला अंधाऱ्या बाजूने करायचा असतो. सावज आपल्या आणि चंद्राच्या मध्ये हवं, म्हणजे त्याची काळी आकृती स्पष्ट दिसते आणि आपण काळोखात राहतो. मी काफिल्याच्या उजव्या बाजूला होतो, आणि चंद्र माझ्या पाठीवर होता.

रात्री ११.२० (५ तास आधी)

इथे मला खऱ्या इतिहासाकडे जावं लागतं, कारण त्या रात्री माझ्या डोक्यात एक खरा माणूस होता. ओटो क्रेट्श्मर, ‘यू-९९’ चा कप्तान.

त्याची पद्धत नवख्याला भुरळ घालते. रात्री पृष्ठभागावरून थेट काफिल्याच्या रांगांमध्ये शिरायचं आणि एका जहाजाला एकच टॉर्पेडो मारायचा. यामागे नुसतं धाडस नव्हतं, विचार होता. ब्रिटिशांचं ‘ॲस्डिक’, म्हणजे आवाजाची लहर सोडून प्रतिध्वनी टिपणारं यंत्र, पाण्याखालची बोट शोधायला बनवलेलं होतं. पृष्ठभागावरची बुटकी बोट त्याला जवळजवळ दिसत नसे. तिथे रक्षकांकडे फक्त माणसाचे डोळे होते, आणि रात्री ते थकतात.

१६ मार्च १९४१ च्या रात्री क्रेट्श्मर याच पद्धतीने ‘एचएक्स ११२’ काफिल्यात शिरला. पाच जहाजं बुडाली, सहावं जखमी झालं. टॉर्पेडो संपले आणि तो घरी निघाला. त्याच पाण्यात योआखिम शेपकेची ‘यू-१००’ डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बच्या, माऱ्याने खिळखिळी होऊन १७ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास वर आली. वर अंधार होता आणि पूर्वीच्या हिशेबाने तो सुरक्षित होता. पण ‘व्हॅनॉक’ या विनाशिकेवर रडार बसवलेलं होतं. त्या यंत्राने अंधारातली बोट टिपली, आणि ३ वाजून १८ मिनिटांनी ‘व्हॅनॉक’ सरळ तिच्यावर चढली. शेपके पुलावरच चिरडला गेला. त्याच्या बोटीवरचे सहा जण वाचले. जहाजावरच्या रडारने शोधून पाणबुडी बुडवल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं.

शेजारीच ‘यू-९९’ होती. रात्री विनाशिका दिसली तर बुडी मारायची नाही, पृष्ठभागावरूनच निसटायचं, असा क्रेट्श्मरचा कायमचा हुकूम होता. त्या घटकेला पहाऱ्यावरच्या माणसाने विनाशिका पाहिली आणि बुडी मारली. पाण्याखाली जाताच ती ‘वॉकर’च्या ॲस्डिकला सापडली. या रक्षक तुकडीचा प्रमुख डोनल्ड मॅकिंटायर स्वतः ‘वॉकर’वर होता. डेप्थ चार्जनी ‘यू-९९’ दोनशे मीटरच्याही खाली ढकलली गेली, कशीबशी वर आली, आणि पावणेचारच्या सुमारास बुडाली. तिचे तीन जण गेले, क्रेट्श्मरसह चाळीस जण कैद झाले. गुंटर प्रीनची ‘यू-४७’ त्याच मार्चमध्ये बेपत्ता झाली. एका महिन्यात जर्मनीचे तीन नावाजलेले कप्तान गेले.

खेळातल्या माझ्या रात्रीपर्यंत या गोष्टीला साडेतीन आठवडे झाले होते. मला हे सगळं माहीत होतं, पुस्तकांतून वाचलेलं होतं. तरी मी १९४० सालची युक्ती १९४१ च्या एप्रिलमध्ये वापरायला निघालो. असले खेळ तारखेबरोबर बदलतात. शत्रू शिकत जातो, नवी यंत्रं आणतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने मोहीम १९३९ पासून खेळावी. तेव्हा रक्षक थोडे असतात, विमानं विरळ असतात, आणि चूक झाली तरी परतीची वाट मिळते.

रात्री १२.२२ (४ तास आधी)

दोन रांगांच्या मध्ये. बॅटरी ५५ टक्के. सर्वांत जवळ एक मोठं मालवाहू जहाज, १,२०० मीटर. त्यामागच्या रांगेत टँकर, २,३०० मीटर.

नेमबाजीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नवखे सगळा अभ्यास याचाच करतात. सावजाच्या वाटेशी काटकोनात उभं राहा, आणि टॉर्पेडोला शक्यतो वळावं न लागता सरळ जाऊ द्या. मग अंतराच्या अंदाजातली चूक फारशी बाधत नाही. टॉर्पेडोच्या नळीचं दार आधीच उघडून ठेवा, नाहीतर कळ दाबल्यावर दार उघडण्यात वेळ जातो आणि टॉर्पेडो सावजाच्या मागून निघून जातो. ३०० मीटरच्या आतून मारू नका, स्फोटक जागं व्हायला तेवढी धाव लागते.

एक मात्र फारसं कोणी सांगत नाही. बोटीवर दोन जातींचे टॉर्पेडो असतात. वाफेवरचा ४४ नॉटने जातो आणि मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो. विजेवरचा रेघ सोडत नाही, पण ३० नॉटनेच जातो. मी आधी वाफेवरचे दोन जवळच्या जहाजावर सोडले, आणि लगेच विजेवरचे दोन लांबच्या टँकरवर. पहिले ५३ सेकंदांत पोचले, दोन्ही लागले. पाठचे पोचायला अडीच मिनिटं लागणार होती. मधल्या दीड मिनिटात सगळा काफिला जागा झाला, टँकर वळला, आणि दोन्ही टॉर्पेडो त्याच्या पुढून निघून गेले. क्रम उलटा हवा होता. लांबचा आणि संथ आधी सोडायचा, जवळचा आणि वेगवान शेवटी, म्हणजे सगळे एकाच क्षणी पोचतात.

जहाज मधोमध मोडलं. मी दुर्बीण त्याच्यावरून हलवली नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ती बातमी पोचली. दीवच्या स्मारकापाशी मी एकदा बराच वेळ उभा होतो. तेव्हापासून पेरिस्कोपमधून जहाज मोडताना पाहिलं की दुसऱ्या टोकाची माणसं डोळ्यांसमोर येतात. हा खेळ खेळावा असंच मी म्हणतो, मनापासून म्हणतो. पण खेळताना दुसऱ्या टोकाला माणसं होती हे विसरू नये. दुसऱ्या महायुद्धात यू-बोटींवर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवर, काम केलेल्या सुमारे ४०,००० जणांपैकी पाऊणशे टक्क्यांच्या आसपास परतले नाहीत, आणि त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरचे खलाशीही हजारोंनी गेले. त्यांत आपल्या देशाचे कितीतरी होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनखोल्यांत आणि भट्ट्यांपाशी हिंदुस्थानी खलाशी (‘लस्कर’) मोठ्या संख्येने राबत.

चार मिनिटं मी पाहत राहिलो. तेवढ्या वेळात मी निसटायला हवं होतं.

रात्री १२.४७ (साडेतीन तास आधी)

आकाशात प्रकाशगोळे फुटले आणि पाणी दिवसासारखं उजळलं. उजवीकडून विनाशिका, सरळ माझ्यावर. मला रडारने पकडलं की चांदण्याने, हे खेळ सांगत नाही. बुडी.

खाली गेल्यावर काय करायचं, ते आधी बरोबर सांगतो. १५० मीटर किंवा त्याहून खोल जायचं. डेप्थ चार्ज सेकंदाला साधारण तीन मीटर या गतीने बुडतो. दीडशे मीटरवर यायला त्याला पाऊण मिनिटाहून जास्त लागतं, आणि तेवढ्यात आपण जागा बदलतो. चाल दोन नॉटच्या आत. शांत धावण्याचा हुकूम, म्हणजे नळ्या भरणं आणि दुरुस्ती बंद, कारण त्या आवाजाने ठिकाण कळतं. शिकाऱ्याकडे पाठ करायची, म्हणजे त्याच्या लहरीला आपला कमीत कमी भाग लागतो. आणि मग कान. विनाशिका हल्ल्याला येते तेव्हा तिच्या पंख्याचा ठोका अचानक जलद होतो. अगदी जवळ आल्यावर तिच्या ॲस्डिकची तिरकी लहर आपल्या डोक्यावरून जाते आणि ती काही क्षण आंधळी होते. त्या क्षणी पूर्ण वेग आणि पूर्ण सुकाणू, आणि चार्ज फुटले की त्यांच्या गडगडाटातच परत शांत व्हायचं.

मी ७० मीटरवर थांबलो आणि ५ नॉटने सरळ पळत राहिलो. शिवाय नळ्या पुन्हा भरायचा हुकूम दिला.

१.३५

पहिली सर बरोबर डोक्यावर. मागचं डिझेलघर फुटलं, पाणी आत.

२.१५ (२ तास आधी)

आता १४० मीटर. बॅटरी १९ टक्के. वर दोन विनाशिका. एक थांबून ऐकते, दुसरी चार्ज टाकते, मग दोघी कामं बदलतात.

दुरुस्तीची तुकडी मागे लावली, पण पंप चालवला की वरच्यांना ऐकू येतो आणि बंद केला की पाणी चढतं. दोन्हींतलं काय निवडायचं याला इथे उत्तर नाही. उत्तर संध्याकाळी सहाला होतं. साठ टक्के वीज हातात असती, तर दोन नॉटने सकाळपर्यंत, दुपारपर्यंत सरकत राहता आलं असतं. रक्षक नौकांना अखेर काफिल्याकडे परतावं लागतं, त्यांचं काम काफिला राखणं आहे. सुटलेल्या कित्येक पाणबुड्या केवळ जास्त वेळ गप्प राहू शकल्या म्हणून सुटल्या.

३.१५ (१ तास आधी)

बॅटरी ६ टक्के. १६० मीटर. मागची बाजू पाण्याने जड, बोट शेपटीवर कललेली. चाल असेपर्यंत आडवी सुकाणं तिला उचलून धरतात. चाल गेली की ती नुसता लोखंडाचा गोळा.

३.५२

वीज संपली. १७८ मीटर.

दाबाखालच्या हवेने टाक्या रिकाम्या करायचा हुकूम दिला. सकाळी आणि दुपारी विमानांपायी दोनदा खर्चलेली हवा, मग संध्याकाळची. उरलेल्या हवेने नाळ थोडी वर आली. बोट १७१ पर्यंत चढली, थबकली, आणि परत उतरायला लागली.

४.०९

१८४.

बोट आणि तिची माणसं शाबूत असतील, तर ‘टाइप ७’ एवढं सहज सोसते, २०० मीटर ओलांडूनही परतलेल्या बोटी आहेत. माझी फुटलेली होती. खेळात या वेळी पोलादाचा आवाज येतो, आधी लांबून, मग अगदी कानाजवळ. खोलीच्या काट्याखेरीज काहीच हलत नव्हतं. सगळे खलाशी आपापल्या जागी होते. करायला कोणालाच काही उरलं नव्हतं, एकाला सोडून.

हायड्रोफोनवरचा नाविक अजून ऐकत होता. सकाळी सव्वासहाला ज्याला मी ऐकायला बसवलं नव्हतं, तो आता मी न विचारताही दर मिनिटाला दिशा आणि अंतर सांगत होता.

४.१६

१९३ मीटर. त्याचा शेवटचा अहवाल आला. युद्धनौका, चाल मध्यम, दूर जातेय.